घडी उघडून

"या वेळी जरा घट्ट कापूस भरा, बोत्रेवहिनी," शेवाळेवहिनी म्हणाल्या. "मागच्या वेळी त्या आत्याबाईचं बोट आत गेलं."

खरंच गेलं होतं. मागच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आत्याने कौतुकाने रजनीच्या खांद्यावर हात ठेवला, तर बोट पेराभर रुतलं. आत्याबाईंनी खात्री करायला पुन्हा एकदा दाबून पाहिलं म्हणे. मग मंडळींनी पोहे संपवले, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं काहीच नाही.

रजनी ही शेवाळेवहिनींची थोरली. वय सव्वीस, बालवाडीत शिकवायची, नाकीडोळी नीटस, बोलायला गोड. फक्त डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. जन्मापासूनचा. दुखायचा नाही, खुपायचा नाही, त्या खांद्यावर ती तीन-तीन पोरं बसवून बालवाडीत घोडा घोडा करायची. पण आमच्या कऱ्हाडात त्या पाऊण इंचापायी पाच स्थळं परत गेली होती.

"हे सहावं," वहिनी म्हणाल्या. "उंब्रजचा मुलगा आहे, पाटबंधाऱ्यात कारकून. रविवारी येतायत. यांनीही नाही म्हटलं तर तुळशीचं लग्न लागल्यावर फलटणला द्यायची. रजनीच्या बाबांनी तसा शब्द दिलाय."

फलटणचं स्थळ म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा बिजवर. पदरात दोन मुलं. त्याने मुलगी बघायचीसुद्धा नाही म्हणून कळवलं होतं. स्वयंपाक येतो ना, एवढंच विचारलं होतं.

रजनी स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. मी टेप काढली तशी उठून उभी राहिली आणि हात पसरले. सवयच झाली होती पोरीला.

आता माझं सांगते. बोत्रे टेलर्स, लेडीज अँड जेंट्स. जेंट्स म्हणजे आमचे हे, लेडीज म्हणजे मी, आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. ह्यांची वही वेगळी, माझी वेगळी. ह्यांचा एक नियम होता, आणि तो लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला ऐकवला होता. मापाच्या वहीतलं काही पडद्यापलीकडे जाता कामा नये. डॉक्टर एक वेळ बोलेल, शिंप्याने बोलायचं नाही. नियम बरोबरच होता म्हणा. गावात छाती पुढे काढून फिरणाऱ्या एका वकिलांची छाती कुठे संपते आणि ह्यांचं कॅनव्हास कुठे सुरू होतं, ते फक्त आमच्या घराला ठाऊक होतं. देवाने माणसं घाईघाईत केली, बाकीची कामं आमच्याकडे पाठवली, असं हे म्हणायचे. आणि मलाही मोठा अभिमान. बोत्र्यांकडून बाहेर पडलेली बाई दोन्ही बाजूंनी सारखी, अशी माझी ख्याती होती.

त्याच दुपारी पडद्यापलीकडे एका बाईंचा आवाज आला. असा दणदणीत, की मध्ये पडदा असून नसल्यासारखा.

"मास्तर, सफारी शिवायची. रविवारी घालायची आहे. आणि ते... तुमच्या लक्षात आलंच असेल."

"आलं," हे म्हणाले.

"दिसता कामा नये."

"नाही दिसणार."

"आई, सफारीत उकडेल गं," एक पुरुषी आवाज पुटपुटला.

"उकडू दे!"

कोण, कुठले, मी विचारलं नाही. विचारून ह्यांनी सांगितलंही नसतं. संध्याकाळी हे पॅड करायला बसले. दुकानातले सगळे पॅड हेच करायचे, कापूस पिंजून, आत कॅनव्हास घालून. चार पॅड केले. दोन माझ्याकडे सरकवले, दोन स्वतःकडे ठेवले. एक चकार शब्द नाही. मी भाकऱ्या थापायला गेले.

गुरुवारी रजनी एकटीच आली. पिशवीतून एक जांभळा खण काढून टेबलावर ठेवला. ओटीत आलेला, ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून राहिलेला.

"काकू, हे माझ्या मापाचं शिवून द्या."

"तुझ्या मापाचंच तर शिवते दर वेळी."

"नाही. तुम्ही उजव्या खांद्याच्या मापाचं शिवता. डाव्याचं माप घेता, वहीत लिहिता आणि कापसाने बुजवता."

"मग काय, वाकडं शिवू?"

"मी आहे तसं शिवा."

"अगं बाई, आणि बोत्र्यांचं नाव? लोक म्हणतील हिला कातरसुद्धा धरता येत नाही!"

"घराबाहेर नाही घालणार. शप्पथ." ती खणाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "पाच जणांनी मला बघून नको म्हटलं. मी स्वतःला एकदाही नीट बघितलेलं नाही. फलटणला जायच्या आधी एकदा बघायचंय."

मी खण ओढून घेतला.

शिवणकाम न येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कापड कधी पूर्ण उघडून कापत नाही. आधी त्याची घडी घालायची, वर खडूने अर्ध्या अंगाचं माप आखायचं आणि एकदाच कातर चालवायची. घडी उघडली की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. सगळे शिंपी असंच करतात. म्हणजे माणसाचं एक अंग मोजायचं आणि दुसरं तसंच असणार असं धरून चालायचं. तीस वर्षं मी हेच करत होते, आणि कधी डोक्यात आलं नव्हतं की तसं अंग असलेलं गिऱ्हाईक मी आजवर एकही बघितलेलं नाही. वही उघडून बघा की! कुणाचा खांदा वर, कुणाचं ढुंगण एकीकडे, माझा स्वतःचा उजवा दंड डाव्यापेक्षा इंचभर जाड.

त्या दिवशी मी घडी उघडली. खण मुळात चोळीपुरताच असतो, चुकला तर दुसरा नाही. डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी. कातर हातात घेतली आणि परत खाली ठेवली. ह्यांनी पडद्याआडून विचारलंसुद्धा, "काय गं, कातर का वाजेना?" मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

गळा तिच्या खांद्याच्या उताराने कलता घेतला. खणाचा काठ छातीवर आडवा न लावता त्या उतारावरूनच खाली सोडला, डावीकडून उजवीकडे. दुसऱ्या दिवशी ती आली, आत जाऊन घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. मीही तिच्या मागे उभी राहिले, तोंडात टाचण्या धरून, चुका शोधायला.

एकही टाचणी लागली नाही. काखेत चुणी नाही, पाठीला झोळ नाही. तिचा पदर एरवी डाव्या खांद्यावरून सारखा घसरायचा, दर वेळी मी दोन पिना मारायचे. आज पदर बसला तो बसलाच. खांदा खालीच होता, लपलेला मुळीच नव्हता, पण आता तो चुकून खाली गेल्यासारखा वाटत नव्हता. काठ त्याच्यावरून असा काही वळला होता की नजर तिथूनच सुरू व्हायची. मी सहा वर्षं तिचे कपडे शिवत होते. इतकी देखणी मुलगी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला राग आला, आणि तो माझाच आला.

"काकू," ती आरशातूनच म्हणाली, "रविवारी हेच घालू का?"

"वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं. "गप ते पॅडवालं घाल."

काय करणार, भित्री मी.

रविवारी शेवाळेवहिनींनी मला सुईदोरा घेऊन स्वयंपाकघरात बसवलं. ऐनवेळी टाका उसवला तर जवळ असावी म्हणून. मुलाकडचे तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मामांनी आल्या आल्या पोह्यांत ओलं खोबरं आहे का विचारलं. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"काय गं मुली, जरा चालून दाखव बघू," मुलाची आई म्हणाली, आणि माझ्या कानात घंटा वाजली. हा आवाज मी ऐकला होता. पडद्यापलीकडून.

मी मुलाकडे बघितलं. तपकिरी सफारी. काजं हाताची, आणि प्रत्येक काजाच्या शेवटी दुहेरी गाठ. अशी गाठ अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस मारतो, आणि त्याला मी गेली तीस वर्षं जेवायला वाढते. मग खांद्यांवर नजर गेली. मुलाने पोह्याच्या बशीसाठी हात पुढे केला, हात हलला, पण उजवा खांदा आपला जागच्या जागी. मेला कापूस कशाला हलतोय!

आई गं! इकडे ह्यांचा कापूस, तिकडेही ह्यांचाच कापूस. एकमेकांना बघायला आले होते.

तिकडे परीक्षा चालूच होती. रजनी दारापासून कॉटपर्यंत चालून दाखवत होती. मग तिला सुईत दोरा ओवायला लावला. सुई माझ्याच डबीतली दिली. मानेबाई, म्हणजे मुलाची आई, चष्मा पुसून पुसून बघत होत्या.

"खांदे छान सरळ आहेत हो," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात सगळे कसे ताठ. वाकडंतिकडं आम्हाला चालत नाही."

मुलगा बशीत बघत राहिला. शेवाळेवहिनींचा चेहरा फुलला. जमत होतं सगळं. जमणार होतं. आणि लग्न झाल्यावर ही दोघं आपापले पॅड कुठल्या खुंटीला टांगणार होती?

रजनी चहा न्यायला आत आली. कपाळावर घाम, आणि चेहरा पाटीसारखा कोरा.

"रजनी," मी म्हटलं, "जा, ते जांभळं घालून ये."

"आत्ता? का?"

"का ते मला सांगता येत नाही. दुकानाचा नियम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही, पण तोंड कुठे लपवणार? एकदा दाराच्या फटीकडे नजर गेलीच माझी. ती काय समजली देव जाणे. कपाटामागे गेली आणि दोन मिनिटांत जांभळ्या ब्लाऊजमध्ये बाहेर आली. ट्रे उचलला आणि गेली.

बाहेर मामांचासुद्धा घास थांबला. शेवाळेवहिनींनी कॉटची कड धरली.

"हे काय?" मानेबाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. "मघाशी तर सरळ होती!"

"मघाशी कापूस होता," रजनी म्हणाली. "ही मी. साखर किती घालू?"

"फसवणूक! ही शुद्ध फसवणूक आहे! ऊठ रे श्रीकांत!"

मी जीव मुठीत धरून त्या मुलाकडे बघत होते. बोल रे बाबा, म्हटलं, एक शब्द बोल. तो उठला. रजनीकडे बघितलं. तिच्या खांद्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, तोंडही उघडलं. मग कॉलर सारखी केली आणि आईच्या मागोमाग निघाला. पाठमोरा काय ताठ दिसत होता! ह्यांचं काम एकदम चोख.

"कळवतो," मामा दारातून म्हणाले. एक घास तोंडात होताच.

शेवाळेवहिनी त्या दिवशी मला जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. रजनीच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी फलटणला पत्र टाकलं. घरी हे मापाची वही मांडीवर घेऊन बसले होते.

"सांगितलंस तिला?"

"एक शब्द नाही."

"मग तिला कसं कळलं?"

"मी गप्प बसले त्यावरून," मी म्हटलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग गावाला काय झालं बघा. रजनीने ते जांभळं ब्लाऊज घरात ठेवलंच नाही. बालवाडीत घातलं, बाजारात घातलं, नवरात्रात भोंडल्याला घातलं. आता लपवायचं कुणापासून, म्हणाली. भोंडल्याला आमच्या पेठेतल्या डॉक्टरीणबाई होत्या. खिरापत खाता खाता त्यांनी विचारलं, "हा कुठला कट गं?" रजनी म्हणाली, "बोत्रेकाकूंचा." डॉक्टरीणबाई मान हलवून म्हणाल्या, "तरीच! पुण्यात सध्या हेच चाललंय." पुण्यात असलं काही चाललेलं नव्हतं. पण एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांग. सगळ्यांना तिरका कट हवा. डॉक्टरीणबाईंचे खांदे फुटपट्टीने आखल्यासारखे, त्यांना मी काय तिरकं शिवू? म्हटलं, तुमच्या अंगाला नाही तो बसायचा. त्या रुसल्या. शेवटी ह्यांनी एकाच खांद्याचा पॅड शोधून काढला. उजवीकडे कापूस, डावीकडे काही नाही, की बाई झाल्या तिरक्या. ज्या हातांनी आयुष्यभर वाकडं सरळ केलं, ते हात आता सरळ बायकांना वाकडं करत बसले होते. हे कापूस पिंजता पिंजता म्हणायचे, "देवाने यांना बरं केलं होतं गं." मी हसून हसून बेजार व्हायचे. पण तिकडे तुळशीचं लग्न जवळ येत होतं, आणि रजनी दुकानात आली की मला तिच्याकडे बघवायचं नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मानेबाई आल्या. मुलाला पडद्यापलीकडे दिवाळीच्या शर्टासाठी बसवलं आणि स्वतः माझ्याकडे. मला त्यांनी त्या दिवशी बघितलंच नव्हतं, मी फटीमागे होते.

"भाचीचं लग्न आहे. तो तिरका कट निघालाय ना, तसं शिवून द्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या घालतायत. आणि त्याला काय तो पॅड लागतो म्हणे, तोही घाला."

मी टेप लावली. डावा खांदा मोजला. उजवा मोजला. पुन्हा मोजला. मग टेप गळ्यात टाकली आणि म्हटलं, "तुम्हाला पॅड लागणार नाही."

"म्हणजे?"

"तुमचा मूळचाच तिरका आहे. उजवा खांदा पाऊण इंच खाली."

गिऱ्हाइकाला त्याचं स्वतःचं माप सांगायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. आता माझा आवाज जरा मोठा लागला असेल. पडद्यापर्यंत जाण्याइतका लागला असेल. मुद्दाम लावला असंही कुणी म्हणेल, म्हणू दे.

मानेबाई आरशात बघत उभ्या राहिल्या. पदर उजव्या खांद्यावर ओढायला लागल्या, मग तो हातही खाली घेतला.

"माझी आई लहानपणी मला रोज भिंतीला टेकवून उभं करायची," त्या हळूच म्हणाल्या. "सरळ झाला, असं म्हणाली होती."

मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांना स्टूल दिलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मास्तर," तो मुलगा म्हणत होता, "त्या मुलीचं ब्लाऊज होतं ना, जांभळं. शर्ट तसा शिवता येतो का? पॅड न घालता?"

मग पडदा बाजूला झाला. आमच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना पडदा कधी बाजूला झालेला नाही, तो तेवढाच. ह्यांच्या एका हातात कापड, दुसऱ्या हातात स्वतःची वही, आणि चेहरा पहिल्या दिवशी काम शिकायला आलेल्यासारखा.

"अगं," हे म्हणाले, "घडी उघडून कसं कापलंस, ते जरा दाखव."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी श्रीकांत माने तो शर्ट घालून शेवाळ्यांकडे आला. आई बरोबर होती, पण गप्प. मामा पोह्यांसाठी आले होते. मी पुन्हा स्वयंपाकघरात, सुईदोरा घेऊन. या वेळी मला रजनीने बोलावलं होतं.

श्रीकांतचा उजवा खांदा सरळसरळ खाली होता आणि शर्ट त्यावर झकास बसला होता. "त्या दिवशी मला बोलायचं होतं," तो म्हणाला. "बोललो नाही. घाबरलो. तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं. तुमची हरकत नसेल तर मला..." आणि अडकला.

रजनी जांभळ्या ब्लाऊजमध्ये समोर बसली होती. शेवाळेवहिनी तिला डोळ्यांनी खुणावत होत्या, हो म्हण, हो म्हण. मीही फटीमागून तेच पुटपुटत होते. तुळशीच्या लग्नाला उणेपुरे नऊ दिवस उरले होते.

"जरा चालून दाखवता?" रजनी म्हणाली.

"अं?"

"दारापासून कॉटपर्यंत."

तो उठला. चालला. कान लालबुंद. मानेबाई जमिनीकडे बघत बसल्या. मग रजनी आत आली, माझ्या डबीतून सुई घेतली, दोरा घेतला आणि त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा दोऱ्याचं टोक पिंजलं. तिसऱ्या वेळी त्याने दोरा ओठांत ओला केला, श्वास धरला आणि ओवला. मामांनी टाळी वाजवली, मग बहिणीकडे बघून हात मागे घेतले.

रजनीने सुई परत घेतली. चेहऱ्यावरून काही कळू देईना कार्टी.

मंडळी निघाली. दारात मानेबाई घुटमळल्या. "मग..." त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे, "आम्ही काय समजायचं?"

रजनीने खांद्यावरचा पदर नीट केला. तो नीटच होता.

"कळवते," ती म्हणाली.

आणि तिने कळवलं हं. आधीच्या सगळ्यांसारखं नाही केलं. आठव्या दिवशी, तुळशीचं लग्न उद्यावर आलं तेव्हा, 'हो' म्हणून कळवलं.